आधी श्वास सोडा

फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ दाटून आलं, की देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदाराची झोप उडते. मोहोरावर तुडतुडे वाढतील का, फवारणी आज उरकावी की ऊन पडायची वाट बघावी, औषधांवर एवढा खर्च करून हाताशी काय लागेल, हे प्रश्न त्याला रात्री दोन वाजता जागं करतात. बंदरावर हीच गत 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत होते. बोट किनाऱ्याला, कमाई थांबलेली, बँकेचा हप्ता मात्र चालू. अशा वेळी माणसाच्या शरीराकडे नीट बघावं. खांदे कानांकडे चढलेले, दातांवर दात रोवलेले, पोट आत ओढलेलं आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळणारा. जवळचं कोणीतरी काळजीने म्हणतं, "जरा मोठा श्वास घे, बरं वाटेल." तो घेतो. मग आणखी मोठा घेतो. बरं वाटायचं राहतं बाजूला, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, आणि आता आपल्यालाच काहीतरी झालंय ही नवी धास्ती बसते.

सल्ला देणाऱ्याची कळकळ खरी असते, पण कामाचा अर्धा भाग त्यात सुटलेला असतो. शरीर शांत करायचं तर श्वास किती मोठा घेतला यापेक्षा तो किती सावकाश सोडला, याला जास्त किंमत आहे.

थोडा हिशेब करून बघू. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत येते. त्यातली सुमारे 150 मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. ऑक्सिजनची देवाणघेवाण होते त्या वायुकोशांपर्यंत ती पोचतच नाही. मिनिटाला 15 श्वास धरले, तर 5250 मिलिलिटर हवा कामाला येते. तणावात तोच माणूस 250 मिलिलिटरचे उथळ 30 श्वास घेऊ लागला, तर आत-बाहेर होणारी एकूण हवा तेवढीच, म्हणजे 7500 मिलिलिटर. पण कामाची हवा उरते फक्त 3000. म्हणून धाप लागल्यासारखं होतं, श्वास पुरत नाही असं वाटतं. आता 1000 मिलिलिटरचे 6 संथ श्वास घ्या. एकूण हवा कमी, 6000. पण वायुकोशांत पोचते 5100. कमी कष्टात जवळपास पहिल्याइतकं काम.

श्वास पुरत नाही असं वाटल्यावर माणूस जे मोठमोठे घोट घेतो, तिथे दुसरी गडबड होते. निरोगी माणसाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण 95 टक्क्यांच्या वर असतंच. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर हा आकडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मोठे श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो फार कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. रक्तातलं आम्ल-अल्कलीचं प्रमाण बदलून नसा चेतवल्या जातात, मुंग्या येतात. त्यावर तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय अजून सांगितला जातो, तो करू नये. समोरच्या माणसाला खरोखर दमा किंवा हृदयविकार असेल, तर पिशवीमुळे त्याचा ऑक्सिजन आणखी घटतो.

सोडलेल्या श्वासात एवढं काय आहे, ते मनगटावर कळतं. अंगठ्याच्या मुळाशी नाडीवर तीन बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. श्वास आत घेताना नाडी किंचित वेग घेते, सोडताना मंदावते. तरुणांत हा फरक बोटांना सहज जाणवतो, वय वाढेल तसा तो पुसट होतो. मेंदूच्या बुंध्यातून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी हृदयाला लगाम लावत असते. श्वास घेताना हा लगाम सैल होतो, सोडताना आवळला जातो. सोडण्याचा वेळ लांबवला, की लगामाचा वेळही लांबतो. शिवाय व्हेगसमधले बहुतेक तंतू निरोप खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे नेतात. "शांत हो" असं मनाला बजावून मन ऐकत नाही, पण शरीराकडून वर गेलेला निरोप मेंदू ऐकतो.

2017 मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात याचा आणखी एक धागा सापडला. श्वासाची लय ठरवणारा पेशींचा एक छोटा पुंजका मेंदूच्या बुंध्यात असतो. त्यातल्या मोजक्या पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण कमालीचे निवांत झाले. श्वासाची खबर मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या केंद्राला देण्याचं काम त्या पेशी करत होत्या.

मिनिटाला सहाच श्वास का? मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्तदाब मोजणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते हृदयाला मंद करतात, उतरला की वेग वाढवतात. या दुरुस्तीला काही सेकंद लागतात. श्वासाचा एक फेरा 10 सेकंदांचा झाला, की श्वास, नाडी आणि रक्तदाब एका तालात झुलू लागतात. योग्य वेळी हात लावला की झोपाळा थोड्या जोरात मोठा झोका घेतो, तसं. लुचानो बर्नार्दी या इटालियन डॉक्टरांच्या गटाने 2001 मध्ये 23 निरोगी माणसांवर हे मोजलं. लॅटिनमधला जपमाळेचा जप किंवा एक बौद्ध मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाबाचे हे संवेदक अधिक तत्पर झाले. आपल्याकडे दिवेलागणीला एका दमात लांब ओळ म्हणणाऱ्या आजीचा श्वासही असाच लांबतो, कारण उच्चार होतो तो सोडलेल्या श्वासावर. मात्र टाळ-मृदंगाचा ठेका चढला की श्वास तुटक होतो. तो आनंद वेगळा आहे, हवाच. पण हा परिणाम संथ, लांब ओळींचा आहे.

आता प्रत्यक्ष कृती. पडवीत, ओटीवर किंवा खुर्चीत टेकून बसा, पाय जमिनीला टेकलेले. जेवल्यावर लगेच नको, पोट भरलेलं असताना छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला खाली सरकायला जागा नसते. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा वाहत असतो तेव्हा बसलेलं उत्तम; मे महिन्याच्या दमट दुपारी उकाड्यानेच नाडी वाढलेली असते, तेव्हा पंख्याखाली बसा. धूप किंवा कासवछाप अगरबत्तीच्या धुरात मुळीच नको. एक तळहात बेंबीवर, दुसरा छातीवर. आधी उरलेला श्वास नाकाने हलकेच बाहेर जाऊ द्या. मग मनात चार मोजत नाकाने आत घ्या: पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळपास स्थिर राहावा. श्वास गच्च भरू नका, जेवताना दोन घास कमी खावेत तसं. न थांबता सहा मोजत नाकानेच सोडा, गरम पेजेवर फुंकर घालावी इतक्या हळू. सोडता सोडता जबडा सैल आणि खांदे खाली.

मोजायला मोबाइल नको. जप करणारे मोजतात तशी बोटांची पेरं मोजा. अंगठा सोडून चार बोटांची पेरं होतात 12. दर पेराला 10 सेकंदांचा एक श्वास धरला, तर हाताचा एक फेरा म्हणजे 2 मिनिटं. अडीच फेरे झाले की 5 मिनिटं. तेवढं रोज पुरे.

चुका ठरलेल्या असतात. सोडण्याच्या शेवटी जीव कासावीस झाला आणि पुढचा श्वास हपकन घ्यावा लागला, तर आकडा तुमच्यासाठी मोठा आहे. तीन मोजत घ्या, चार मोजत सोडा, आठवड्याने वाढवा. चक्कर आली, मुंग्या आल्या, तर श्वास संथ झालाय पण फार मोठाही झालाय. मोजणी तीच ठेवून हवा कमी घ्या. पोट मुद्दाम ढकलून वर आणणं हीसुद्धा चूक, त्याने पोटाचे स्नायू ताठतात. पोट आपोआप वर येत नसेल तर उताणं झोपून गुडघे दुमडा आणि पोटावर एखादं हलकं पुस्तक ठेवा. नाक चोंदलं असेल, पावसाळ्यातल्या बुरशीने अनेकांचं चोंदतं, तर त्या दिवशी ओठांचा चंबू करून सोडा. श्वास रोखून धरणारे कुंभकाचे प्रकार रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना न विचारता करू नयेत.

किनाऱ्यावर बसून लाटांबरोबर श्वास घ्या, असंही सांगतात. ऐकायला छान आहे, पण वाऱ्याने उठलेल्या लाटा चार-पाच सेकंदांनी येतात, लांबून आलेल्या दहा-बारा सेकंदांनी, आणि एकाच पुळणीवर दोन्ही मिसळतात. त्यांच्या मागे लागलात तर श्वास अडखळतो. लाटा नुसत्या ऐका, मोजा पेरांवर.

पाच मिनिटंही नसतील, फोन ठेवल्या ठेवल्या हात थरथरत असतील, तर उसासा वापरा. आपण नकळत दर काही मिनिटांनी उसासा टाकतोच. मिटलेले वायुकोश त्याने पुन्हा उघडतात. तोच जाणूनबुजून करायचा: नाकाने श्वास घ्या, वर आणखी एक छोटा श्वास त्यावर घ्या, मग तोंडाने अगदी रिकामं होईपर्यंत सावकाश सोडा. असं दोन-तीनदा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात महिनाभर रोज 5 मिनिटं असे उसासे घेणाऱ्यांची मनःस्थिती नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चिंता मात्र दोन्ही गटांत कमी झाली.

याचा अर्थ ध्यान फुकट, असा नाही. त्याचं काम वेगळं आहे. 2010 च्या एका मोठ्या पाहणीत माणसांना दिवसभरात अवचित विचारलं गेलं, तेव्हा सुमारे 47 टक्के वेळा त्यांचं मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भरकटलेलं असताना ती कमी आनंदी होती. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सजगतेचा जो वर्ग सुरू केला, त्याचा गाभा हाच: लक्ष आत्ता जे चाललंय त्यावर आणायचं, बरं-वाईट न ठरवता. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. विळीवर नारळ खवताना दोन मिनिटं फक्त तेच करा. करवंटीचा खडबडीतपणा तळहाताला कसा लागतो, पात्याचा आवाज ओल्या खोबऱ्यावर कसा आणि करवंटीजवळ आल्यावर कसा बदलतो, परातीतून वर येणारा गोडसर वास. मन बागेत गेलं, हप्त्यावर गेलं की "गेलं" एवढं म्हणा आणि पात्याच्या आवाजावर परत या. दोन मिनिटांत वीस वेळा गेलं तरी तुम्ही नापास नाही. परत आणणं हाच व्यायाम आहे. काहींना डोळे मिटून शरीराकडे लक्ष दिल्यावर उलट घाबरं होतं, विशेषतः मोठा आघात सोसलेल्यांना. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि लक्ष बाहेरच्या वस्तूवर ठेवावं.

अपेक्षाही मापात हव्यात. 2014 मध्ये 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ध्यानाचा चिंता आणि नैराश्यावरचा उपयोग दिसला, पण तो लहान ते मध्यम होता. कर्ज श्वासाने फिटत नाही आणि अवकाळी पाऊस टळत नाही. फवारणीचा निर्णय मात्र धडधडत्या छातीने घेणं आणि शांत नाडीने घेणं यांत फरक पडतो. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, असं काही असेल तर श्वास मोजत बसू नका, 108 ला फोन करा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि एक गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात मुलांना सांगाच. खाडीत किंवा खडकांजवळ बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेऊन "दम साठवायची" पद्धत जिवावर बेतणारी आहे. ऑक्सिजन साठत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उडून जातो, आणि वर ये म्हणून सांगणारी कासाविशी तोच जागवतो. ती उशिरा येते. तोवर ऑक्सिजन संपलेला असतो आणि पोहणारं पोर पाण्याखाली, आवाज न करता, शुद्ध हरपतं.