आधी उंट, मग वास्तू

लादलेला उंट दिवसभरात तीस ते चाळीस किलोमीटर चालतो. फटके मारून हा आकडा वाढत नाही. तेराव्या शतकात आनातोलियावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या बऱ्याच भागावर, राज्य करणाऱ्या सेल्जुक सुलतानांनी हा आकडा प्रमाण मानला आणि त्याच्या हिशेबाने व्यापारी वाटांवर दगडी सराया उभ्या केल्या. तिथे सराईला 'हान' म्हणतात. अंताल्या १२०७ साली आणि सिनोप १२१४ साली त्यांच्या हाती आलं होतं. दक्षिण आणि उत्तर समुद्रांवरची ही बंदरं मिळाली, तरी मधलं उघडं, थंड पठार तांड्यांना सुखरूप पार करता येईल तेव्हाच त्यांचा उपयोग होता.

या सरायांमधली मला सर्वात देखणी वाटते ती कोन्या ते अक्सराय वाटेवरची सुलतान हान. १२२९ साली, पहिल्या अलाउद्दीन कैकुबादच्या काळात ती बांधली गेली. वास्तुकाराचं नाव लेखात कोरलेलं आहे: मुहम्मद बिन हवलान, दमास्कसचा. पुढे आगीत तिचं नुकसान झालं आणि १२७८ साली डागडुजी झाली.

आत जायला दरवाजा एकच. सुमारे १३ मीटर उंच संगमरवरी प्रवेशद्वार, त्यावर भौमितिक नक्षी, आणि कमानीखाली मधाच्या पोळ्यासारखी थरांथरांनी उतरत येणारी कोरीव रचना, जिला मुकर्नस म्हणतात. बाकीच्या भिंती मात्र साध्या आणि जाड, बाहेरून बुरुजांचा आधार दिलेल्या. नक्षीचा सगळा खर्च दारावर केलेला! दिवसभर धूळ खाल्लेल्या माणसाला लांबूनच कळावं की मुक्काम आला.

दारातून चौकात आलं की एका बाजूला कमानींच्या ओवऱ्या, दुसऱ्या बाजूला बंद खोल्या. मधोमध चार कमानींवर उचललेली छोटी मशीद आहे. जिना चढून वर नमाज पढायचा, खालून जनावरं जात-येत राहायची. गर्दीच्या चौकात स्वच्छ जागा काढायची तर ती वर काढावी, इतका सरळ विचार.

पण खरी करामत चौकाच्या पलीकडच्या बंदिस्त दालनात आहे. ही हिवाळ्याची जागा. मधली वाट उंच, वर टोकदार कमानीचं लांबलचक दगडी छत. अशा छताचा भार नुसता खाली जात नाही, तो भिंतींना बाहेरही ढकलतो. गोल कमानीपेक्षा टोकदार कमानीचा हा रेटा कमी असतो. शिवाय दोन्ही बाजूंची ठेंगणी छतं मधल्या वाटेला काटकोनात आडवी घातलेली आहेत. त्यामुळे मधल्या छताला दोन्ही अंगांनी टेकू मिळतो आणि एवढं दालन लाकडी तुळईशिवाय उभं राहतं.

आता थंडीचं. प्राण्याच्या वजनावरून त्याची ऊर्जा काढायचं एक सूत्र आहे. त्यानुसार साडेचारशे किलोचं जनावर नुसतं बसलं तरी तीनेकशे वॅट उष्णता सोडतं. पन्नास जनावरं म्हणजे पंधरा किलोवॅट, एक किलोवॅटचे पंधरा हीटर रात्रभर चालू ठेवल्यासारखंच! जाड दगडी भिंती ही ऊब सावकाश पितात आणि सावकाश परत देतात. खिडक्या म्हणजे नुसत्या अरुंद फटी, त्यामुळे वारा आत घुसत नाही.

मात्र इतकी जनावरं कोंडली की श्वासाची वाफ, मुताचा उग्र दर्प आणि दिव्यांचा धूर साचणारच. त्यावरचा उपाय मधल्या वाटेवर आहे. तिथे छत फोडून एक उंच घुमट बसवला आहे आणि त्याच्या गळ्याशी झरोके आहेत. गरम, कोंदट हवा हलकी, ती वर चढून तिथून निघून जाते आणि खालच्या दारातून ताजी हवा आत ओढली जाते. दिवसा त्याच झरोक्यांतून उजेड उतरतो. आज याला आपण नैसर्गिक वायुवीजन म्हणतो.

दगड जवळून पाहिले तर अशा सरायांत पाथरवटांच्या खुणा सापडतात: बाण, त्रिकोण, एखादं अक्षर. कोणी किती चिरे घडवले, याचा तो हिशेब असावा. राजाच्या लेखाखाली या मजुरांच्या सह्याही टिकल्या, याचा मला फार आनंद वाटतो.

आत मुक्कामाला आलेल्यांचं काय व्हायचं, ते कायसेरीजवळच्या कराताय हानच्या वक्फनाम्यातून, म्हणजे धर्मादाय दानपत्रातून, कळतं. ही सराई १२४० च्या सुमारास पुरी झाली. येणारा मुसलमान असो वा नसो, स्वतंत्र असो वा गुलाम, बाई असो वा पुरुष, प्रत्येकाला भाकरी, शिजवलेलं मांस आणि वाडगाभर कालवण द्यावं, असं त्यात लिहून ठेवलं आहे. जनावरांना वैरण, घोड्यांना नाल. आणि दर शुक्रवारच्या रात्री सगळ्यांना मधाचा हलवा.