तांदळाएवढा भुंगेरा आणि साडेचौदा तासांचा दिवस

पिवळट रंगाचा एक भुंगेरा. लांबी पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. पाठीवरच्या कडक पंखांवर काळपट रेघा. काहींच्या ठळक, काहींच्या पुसट, काहींना नाहीतच. चीनच्या शिनजियांगपासून कझाकस्तानपर्यंतच्या ओसाड मुलखात, वाळवंटी नद्यांच्या काठाने वाढणाऱ्या झाऊच्या झुडपांवर याचा सगळा संसार. अंडी झाऊवर, अळी खाते झाऊ, कोषात जाते झाऊखालच्या पाचोळ्यात, आणि पंख फुटल्यावर पुन्हा झाऊच. (झाऊ आपल्यालाही परका नाही. त्याची एक जात दख्खनच्या नद्यांच्या खडकाळ पात्रात उगवते.)

आज या भुंगेऱ्याला डायोरॅब्डा कॅरिन्युलाटा म्हणतात. 2009 पर्यंत तो दुसऱ्याच नावाने ओळखला जायचा.

झाऊ अमेरिकेत नेला माणसांनीच, एकोणिसाव्या शतकात. शोभेसाठी, वारा अडवायला, नदीचे काठ धरून ठेवायला. तिथे त्याला खाणारं कोणी नव्हतं. कोलोरॅडो, रिओ ग्रांडे आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठांवर त्याने मैलोन् मैल रान माजवलं. तो नद्यांचं पाणी पिऊन टाकतो, हा त्याच्यावरचा मोठा आरोप. पुढे मोजमापं झाली तसा हा आरोप बराच पातळ झाला, पण तोवर कृषी खात्याने झाऊच्या मूळ देशातला त्याचा शत्रू आणायचं ठरवलं होतं. चीन आणि कझाकस्तानातून हे भुंगेरे आणले, बरीच वर्षं चाचण्या घेतल्या आणि 2001 मध्ये ते मोकळे सोडले.

नेवाडात, हंबोल्ट नदीकाठी लव्हलॉकजवळ, दोन-तीन वर्षांत झाऊची बेटं ऐन उन्हाळ्यात तपकिरी पडली. टेक्सासमध्ये मात्र हाच भुंगेरा जुलै लागताच खाणंपिणं सोडून पाचोळ्यात जाऊन झोपला. बाहेर कडक ऊन, झाडावर हिरवा पाला, आणि हा हिवाळ्याच्या तयारीत. अंगात साठवलेली चरबी पुढच्या वसंतापर्यंत पुरेना, त्यामुळे बरेचसे मेलेच.

कारण दिवसाच्या लांबीत होतं. हिवाळा जवळ आला हे या भुंगेऱ्याला थंडीच्या आधी दिवसाच्या लांबीवरून कळतं. उजेड साधारण साडेचौदा तासांच्या खाली आला की त्याचं शरीर प्रजनन थांबवून सुप्तावस्थेत जातं. त्याच्या उत्तरेकडच्या मूळ मुलखात हे गणित चोख बसतं. टेक्सासच्या मध्यभागी मात्र वर्षातला सगळ्यात मोठा दिवसच जेमतेम चौदा तासांचा. तिथे या भुंगेऱ्याच्या लेखी उन्हाळा धड येतच नाही. (पुण्यात आणला असता तर विचारूच नका. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा.)

मग दक्षिणेकडच्या जागांहून भुंगेरे गोळा झाले: ग्रीसच्या क्रीट बेटावरून, ट्युनिशियातून, उझबेकिस्तानातून. सगळ्यांना एकच नाव, डायोरॅब्डा इलाँगाटा. हे नाव 1832 मध्ये ब्रुले या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने ग्रीसमधल्या नमुन्यांना दिलेलं. पुढे जो तो आपापल्या भागातल्या भुंगेऱ्याला नवं नाव देत गेला आणि नंतरच्यांनी ती बरीचशी नावं इलाँगाटाच्याच पोटात घातली. चीनमधल्या भुंगेऱ्याला 1961 मध्ये इलाँगाटाची उपप्रजाती ठरवून ‘डेझर्टिकोला’ म्हटलं गेलं, म्हणजे वाळवंटात राहणारा. नाव छान, पण घर चुकलं होतं.

रंगावरून निवाडा होत नव्हता. जिवंतपणी रंग वयानुसार बदलतो आणि संग्रहालयात टाचणीवर शंभर वर्षं काढलेला भुंगेरा कसाही दिसतो. म्हणून पोटाच्या आत पाहावं लागतं. वाळका नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, सुईने नराचं जननेंद्रिय बाहेर काढायचं, मांसल भाग पोटॅशच्या द्रावणात विरघळू द्यायचा. मग ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, आतल्या पडद्यात दडलेले कडक तुकडे दिसू लागतात. त्यातला एक पसरट, तळहातासारखा, कडेला बारीक काटे असलेला, दुसरा लांबुडका. तळहाताचा आकार, काट्यांची संख्या, काटे कुठून सुरू होतात, यावर ओळख पटते. मादीचेही असेच आतले अवयव तपासतात. एका भुंगेऱ्यापायी एवढा खटाटोप, आणि असे भुंगेरे ढिगाने.

टेक्सासमधल्या टेंपल इथे काम करणाऱ्या जेम्स ट्रेसी आणि थॉमस रॉबिन्स यांनी हा खटाटोप केला. जगभरच्या संग्रहालयांतले नमुने मागवले, ज्यांच्यावरून जुनी नावं दिली गेली ते मूळ नमुनेही पाहिले, आणि 2009 मध्ये झूटॅक्सा या नियतकालिकात 152 पानांचं काम छापलं. निष्कर्ष असा की झाऊवरच्या या एका नावाखाली पाच प्रजाती आहेत. क्रीटचा भुंगेरा खरा इलाँगाटा, ट्युनिशियाचा सबलिनिआटा, उझबेकिस्तानचा कॅरिनाटा. इराणकडचा मेरिडिओनालिस अमेरिकेत कधी सोडलाच नव्हता. आणि चीन-कझाकस्तानचा? त्याचं वर्णन 1870 मध्येच देब्रोशे यांनी कॅरिन्युलाटा म्हणून केलेलं होतं. जुनं वैध नाव आधी, या नियमाने डेझर्टिकोला हे त्याच प्रजातीचं नंतर दिलेलं दुसरं नाव म्हणून फाइलबंद झालं. कॅरिनाटा आणि कॅरिन्युलाटा ही नावं इतकी सारखी की वाचताना जीभ अडखळते, पण प्रजाती वेगळ्या.

ही कोणाला नुसती नावांची उठाठेव वाटेल. मला वाटत नाही. पाच प्रजातींची मूळ हवामानं वेगळी आहेत. कोणता भुंगेरा कुठल्या अक्षांशावर टिकेल, याचा अंदाज त्यांची सरमिसळ असताना बांधताच येत नव्हता.

तरी भुंगेऱ्यांनी सगळ्यांना चकवलंच. अमेरिकेच्या नैऋत्य भागात विलो फ्लायकॅचर हा छोटा पक्षी आहे, त्याची तिथली उपप्रजाती 1995 पासून संकटग्रस्त. मूळची विलोची झाडं कमी झाल्यावर तो झाऊवरच घरटी बांधू लागला होता. दिवसाच्या लांबीच्या अडचणीमुळे उत्तरेचा भुंगेरा दक्षिणेतल्या घरट्यांपर्यंत पोचणार नाही, असा हिशेब होता. पण 2006 मध्ये तो युटाच्या दक्षिण टोकाला, व्हर्जिन नदीच्या खोऱ्यात सोडला गेला आणि पसरला. शिवाय काही पिढ्यांत त्याचं अंगातलं घड्याळच बदललं. कमी लांबीच्या दिवसातही जागे राहणारे वाचले, त्यांची पिल्लं वाढली आणि तो ॲरिझोनात उतरला. 2010 मध्ये कृषी खात्याने त्याला सोडण्याचा कार्यक्रम थांबवला. तोपर्यंत भुंगेरा आपला आपण उडत होता.

आता टेक्सासमध्ये वेगळीच पंचाईत आहे. वेगवेगळ्या मुलखांतून आणलेल्या प्रजाती तिथे एकाच झुडपावर भेटल्या आणि त्यांचा संकर झाला. अशा संकरित नराचा तो काटेरी तळहात ग्लिसरीनच्या थेंबात पाहिला, तर आकार दोन प्रजातींच्या मधलाच कुठलातरी निघतो. मग सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून त्याचा डीएनए तपासावा लागतो.