परकीय व्यवहारांचे सुरक्षाकरण

परदेशी कंपनीची खरेदी किंवा कंत्राट हा व्यापाराचा विषय न राहता राष्ट्राच्या अस्तित्वाचा प्रश्न म्हणून मांडला जाणे आणि जनमताने तो तसा स्वीकारणे, या प्रक्रियेला ‘सुरक्षाकरण’ म्हणतात. संकल्पनेचा उगम साधारणतः १९८० च्या दशकाच्या अखेरीस मानतात. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक ओले वेव्हर यांनी १९९५ मध्ये तिची मांडणी केली, तर १९९८ मध्ये बॅरी बुझान आणि याप द विल्ड यांच्यासह ती विस्तारली. ‘धोका’ हा शब्द उच्चारणे हीच कृती, असे वेव्हर हे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या भाषाविचाराच्या (बोलणे हीही एक कृती असते) आधारे मानतात. दुसरे अभ्यासक थिएरी बाल्झाक यांचा भर ऐकणारा वर्ग आणि प्रसंग यांवर आहे. व्यवहारांपुरते हे दुसरे मत अधिक पटणारे आहे: तोच आरोप निवडणुकीच्या वर्षात पेट घेतो, एरवी विरून जातो.

२००६ चे दुबई बंदर प्रकरण याचा ठळक दाखला. दुबई सरकारच्या मालकीच्या दुबई पोर्ट्स वर्ल्डने पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी सुमारे ६.८ अब्ज डॉलरना घेतली. तिच्याकडे न्यूयॉर्क, बाल्टिमोर, मायामी आदी सहा अमेरिकी बंदरांतील काही धक्क्यांचे कामकाज होते. ‘बंदरे विकली’ असा गाजावाजा झाला. वास्तविक बंदरांची मालकी स्थानिक प्राधिकरणांकडेच होती, तपासणी सीमाशुल्क विभाग व तटरक्षक दलाकडेच राहणार होती आणि आधीची चालक कंपनीही परदेशीच होती. ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांपैकी दोघे अमिरातींचे नागरिक होते, एवढा धागा भाषणांना पुरला.

खरा तांत्रिक वाद मुदतीचा होता. अमेरिकी सरकारच्या परकीय गुंतवणूक छाननी समितीने ३० दिवसांच्या प्राथमिक पाहणीतच मंजुरी दिली. खरेदीदार परकीय सरकारच्या ताब्यातील असल्यास पुढील ४५ दिवसांची चौकशी सक्तीची, असा १९९२ च्या दुरुस्तीचा अर्थ काही सिनेटर लावत. राष्ट्रीय सुरक्षेवर परिणाम संभवत असेल तरच ती लागू, असे प्रशासन म्हणे. दुरुस्तीचा मजकूर दोन्ही अर्थांना वाव देतो. तिच्या उद्देशाशी मात्र पहिला अर्थ अधिक जुळतो. पुढील चौकशी न होण्याची ही उणीव खरी होती, पण मथळ्यांत ती क्वचितच दिसली. ८ मार्चला प्रतिनिधिगृहाच्या विनियोजन समितीने ६२ विरुद्ध २ मतांनी व्यवहार रोखण्याच्या बाजूने कौल दिला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने अमेरिकी हिस्सा सोडण्याचे जाहीर केले. २००७ च्या कायद्याने छाननीचे नियम कडक केले.

त्याआधी २००५ मध्ये चिनी सरकारी तेल कंपनी सीनूकने युनोकॅल या अमेरिकी तेल कंपनीसाठीचा १८.५ अब्ज डॉलरचा प्रस्ताव अशाच विरोधामुळे मागे घेतला. जपानच्या निप्पॉन स्टीलने यू. एस. स्टील ही अमेरिकी कंपनी घेण्याच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी व्यवहार रोखला. जूनमध्ये ट्रम्प प्रशासनाने सरकारला नकाराधिकार देणाऱ्या ‘सुवर्ण समभागा’च्या अटीवर तो मान्य केला.