डिझेल सांडलेल्या मातीसाठी धिंगरीच्या पिशव्या : मागवण्याआधी हे वाचा

विहिरीवरचं डिझेल इंजिन काढून मोटर बसवली, तरी इंजिनाखालची दोन-चार हात जागा वर्षानुवर्षं काळी ठिक्कर राहते. पाऊस पडला की वर रंगीत तवंग येतो. हरळी कुठंही येते, पण तिथं हरळीसुद्धा येत नाही. ट्रॅक्टरचं गॅरेज आणि जनरेटरचा कोपरा इथंही तेच. आमच्या पिशव्या अशा मातीसाठी आहेत.

धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) तोडणी संपली की सोयाबीनच्या भुस्कटाची पिशवी उरते. बरेच जण ती उकिरड्यावर फेकतात, पण तिच्यातलं धिंगरी बुरशीचं पांढरं जाळं जिवंत असतं. रानात ही बुरशी मेलेल्या लाकडावर जगते. पावसाळ्यात बांधावरचा कुजका ओंडका फोडून पाहा, आतलं लाकूड पांढरट, तंतू-तंतू सुटलेलं दिसेल. लाकडाला टणक करणारं लिग्निन फोडायला बुरशी लॅकेझ, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी विकरं (एन्झाइम) अंगाबाहेर सोडते. लिग्निनची रचना इतकी वेडीवाकडी, की ही विकरं एकाच कुलपाची किल्ली असून भागत नाही. त्यामुळे ऑइलमधले कड्यांच्या रचनेचे चिवट पदार्थही त्यांच्या तावडीत सापडतात. डिझेलमधल्या साध्या साखळ्या बऱ्याचशा मातीतले जिवाणूच खातात. भुस्कटामुळे त्यांना हवा आणि ओल मिळते, म्हणून सगळं श्रेय बुरशीला देऊ नका.

हे आमचं संशोधन नाही. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी डीडीटी आणि लिंडेन ही चिवट कीटकनाशकंसुद्धा फोडते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1985 सालीच ‘सायन्स’मध्ये मांडलं होतं. तिला 40 अंशांच्या आसपासचा उकाडा मानवतो, म्हणजे आपल्याच गावची म्हणा! पण आमच्या पिशवीत ती नाही. धिंगरीला 20 ते 28 अंश लागतात.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. पहिला ढीग ऐन मे महिन्यात, आमच्याच अंगणात लावला. चार दिवसांत भुस्कट वाळून कडकड वाजू लागलं. पाणी मारलं तर हिरवी बुरशी चढली, म्हणजे ट्रायकोडर्मा. हरभऱ्याची मर रोखायला आपण बियाण्याला चोळतो तीच. शेतात सोबतीण, धिंगरीच्या पिशवीत सवत. तेव्हापासून मार्च ते जून आम्ही पिशवी विकत नाही. कितीही आग्रह केला तरी नाही.

आपली काळी माती चिकण, आणि हवा नसेल तर बुरशी गुदमरते. म्हणून तेलकट माती खणून काढा, ढेकळं फोडा, जाड ताडपत्रीवर पसरा. मातीइतकंच आकारमानाचं पिशवीतलं भुस्कट आणि तुराट्यांचे तुकडे मिसळा. ढीग गुडघ्याएवढा ठेवा, वर ओलं गोणपाट आणि सावली. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल. ताडपत्रीच्या कडा उचलून बांधा, नाहीतर पावसात तेलकट पाणी विहिरीकडं जाईल. दोन-तीन महिने धरा, जुन्या इंजिन ऑइलला त्याहून जास्त. ढिगावर छत्र्या आल्या तर उपटून ढिगातच पुरा. खायच्या नाहीत, शेळीलाही घालायच्या नाहीत.

त्याचं कारण धातू. शिसं, क्रोमियम, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, त्यांना बुरशी फोडू शकत नाही, फार तर अंगात साठवते. बॅटरीचं ॲसिड किंवा प्लेटिंगचं पाणी सांडलं असेल तर आमच्याकडं येऊ नका, प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. डब्यातलं जुनं ऑइलही ढिगावर ओतू नका. 2016 च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे, नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचा.

पाण्याचं विचारणारे खूप असतात. गॅरेज धुतलेलं पाणी भुस्कटाच्या पोत्यांतून हळूहळू सोडलं तर तेल आणि गाळ बराच अडकतो. ते पाणी पिण्याजोगं मात्र होत नाही. बोअरमधलं फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार तर याने मुळीच जात नाहीत. तसं कुणी सांगून पोतं विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

सुरुवातीला आणि शेवटी माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ असं सांगून मागा. वास गेला म्हणजे तेल गेलं असं नसतं.

मागवताना काय सांडलं, कधी सांडलं आणि जागा किती हात, एवढं सांगा. फोटोवरून आम्हाला कळत नाही. काचेच्या बरणीत मूठभर माती भरून आणा. पिशव्या पहाटे भरून देतो, बंद टेम्पोत उन्हात उभ्या ठेवू नका.