चुंबकगाडी

चुंबकाच्या बळावर मार्गापासून अधांतरी राहून धावणारी रेल्वे. ‘मॅगलेव्ह’ हे नाव जास्त परिचित.

जुन्या स्पीकरमधली दोन गोल, मध्ये भोक असलेली चुंबके पेन्सिलीत ओवून सारखे ध्रुव समोरासमोर ठेवले, की वरचे चुंबक हवेत तरंगते. परभणी-लातूरकडच्या कित्येक पोरांनी हा खेळ केलेला असतो. पण पेन्सिल काढली, की तेच चुंबक टुणकन उलटून खालच्याला चिकटते. गाडीचेही असेच होईल, म्हणून नुसती चुंबके लावून भागत नाही.

शांघायच्या गाडीत जर्मन तोडगा आहे. (हर्मान केंपर यांना १९३४ मध्ये जर्मनीत अशा गाडीचे पेटंट मिळाले होते.) डब्याच्या कडा दोन्ही बाजूंनी वळून मार्गाखाली जातात. तिथले विद्युतचुंबक मार्गाच्या लोखंडाकडे वर ओढले जातात, त्यांच्यासोबत गाडीही उचलली जाते. मधली फट जेमतेम १० मिलिमीटर. ओढ वाढली तर गाडी चिकटेल, घटली तर खाली बसेल. म्हणून ही फट सतत मोजून वीज कमी-जास्त केली जाते. दूध उतू जाऊ नये म्हणून आजी चुलीतला जाळ मागेपुढे सारते ना, तसेच; फक्त सेकंदाला हजारो वेळा.

जपानची गाडी वेगळी. तिच्यातली चुंबके द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेली असतात. इतक्या थंडीत त्यांच्या तारांचा विजेला होणारा विरोधच संपतो. गाडी धावू लागली, की बाजूच्या भिंतींतल्या गुंडाळ्यांत आपोआप वीज निर्माण होते आणि त्या गाडीला उचलून धरतात. उभ्या गाडीला ही उचल मिळत नाही. त्यामुळे ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत ती रबरी चाकांवरच पळते, मग १० सेंटीमीटर वर उठते.

पुढे कोण ढकलते? विहिरीवरची मोटर जळाली, की दुकानात ती उघडतात, तेव्हा आत तारेच्या गुंडाळ्या गोलाकार बसवलेल्या दिसतात. त्यांतल्या विजेने चुंबकत्व गरगर फिरते आणि त्यासोबत मधला दांडा फिरतो. हीच मोटर एका बाजूने कापून सतरंजीसारखी उलगडली, तर चुंबकत्व गोल न फिरता सरळ पुढे धावेल. गाडी त्या लाटेवर स्वार होते. म्हणजे तिची मोटर मार्गभर अंथरलेली असते! खर्च अफाट होतो तो यामुळेच, आणि आपल्या मनमाड–नांदेड रुळांवर ही गाडी आणून ठेवली तरी हलणार नाही.

शांघायच्या गाडीने ताशी ४३१ किलोमीटरचा वेग गाठत ३० किलोमीटर, म्हणजे जालना ते छत्रपती संभाजीनगर अंतराच्या साधारण निम्मे, साडेसात मिनिटांत कापले. जपानच्या गाडीने एप्रिल २०१५ मध्ये चाचणीत ताशी ६०३ किलोमीटर गाठले. रुळाचे घर्षण गेले तरी हवा आडवी येतेच, म्हणून त्या गाडीचे नुसते नाकच १५ मीटर लांब आहे.