ताळेबंद वाचणारे वकील: नादारीच्या कायद्याची पार्श्वभूमी

कफ परेडला एमटीएनएलच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं, म्हणजे कंपन्यांच्या नादारीची प्रकरणं चालवणाऱ्या एनसीएलटीचं, मुंबई खंडपीठ बसतं. कामकाज सुरू होण्याआधी लिफ्टपाशी उभं राहिलं तर काळे कोट दिसतात, पण कानावर पडतं ते कोर्टातलं बोलणं वाटत नाही. ‘ड्रॉइंग पॉवर किती धरली होती?’, ‘एलसी कधी डिव्हॉल्व्ह झाली?’, ‘खातं एनपीए कुठल्या तारखेला?’ यातले बरेच जण आधी बँकेत, वित्तसंस्थेत किंवा सीएच्या कचेरीत होते. मीही त्यातलाच. काही वर्षं कर्जविभागात काढली, मग एलएलबी केलं. वित्तातून वकिलीत आलेल्या माणसाला ‘हे मध्येच काय सुचलं?’ असं विचारतात. मला वाटतं सुचलं आम्हाला नाही, कायद्याला. गेल्या तीसेक वर्षांत कोर्टाची एकेक कामं त्याने हिशेबनिसांच्या हाती दिली. आम्ही त्या कामांच्या मागोमाग आलो.

आधी शब्दाबद्दल. कायद्याच्या मराठीत इन्सॉल्व्हन्सीला ‘नादारी’ म्हणतात. माझ्या पिढीला हा शब्द शाळेतून माहीत आहे. घरची फी भरायची ऐपत नसली की अर्ज करायचा आणि नादारी मिळवायची. दिवाळं निघतं किंवा वाजतं, नादारी मात्र मिळते. एकात अब्रू जाते, दुसऱ्यात सवलत पदरात पडते. आपले या विषयावरचे सगळे कायदे या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी हेलकावे खात आले आहेत.

इंग्रजांनी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी १८२८ आणि १८४८ मध्ये नादारीचे कायदे केले. त्यांचा रोख व्यापाऱ्यांवर होता. शेतकऱ्याच्या वाट्याला आलं ते १८७५ नंतर. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली, दंगे पसरले, चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी, म्हणजे कर्जफेडीच्या कोर्टाच्या आदेशापायी, शेतकऱ्याला कैदेत टाकणं त्याने बंद केलं आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी वेगळं प्रकरण घातलं. पुढे तीन महानगरांसाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा कायदा झाला. या सगळ्यात हिशेबनिसाचं स्थान साक्षीदाराचं होतं. मालमत्ता कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जायची, तो ती विकायचा, आणि कंपनी असेल तर हेच काम हायकोर्टाशी जोडलेला सरकारी अवसायक, म्हणजे कंपनी मोडीत काढणारा अधिकारी, करायचा. बँकेचा माणूस बाकावर बसून तारीख ऐकायचा.

स्वातंत्र्यानंतर सरकारला काळजी कारखाना आणि त्यातल्या नोकऱ्या वाचवण्याची होती, धनकोंच्या, म्हणजे ज्यांचं देणं थकलंय त्यांच्या, पैशाची नव्हे. १९५८ च्या मुंबई रिलीफ अंडरटेकिंग्ज कायद्यात राज्य सरकार एखाद्या कारखान्याला अधिसूचना काढून संरक्षण देऊ शकतं, आणि ते असेपर्यंत त्याची देणी स्थगित राहू शकतात. हा कायदा ध्यानात ठेवा, तो पुढे फार महत्त्वाच्या जागी आडवा येणार आहे.

ऐंशीच्या दशकात आजारी उद्योग हा रोजचा शब्द झाला. १९८१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिवारी समिती नेमली. १९८२ च्या जानेवारीत गिरणगावातला संप सुरू झाला. १९८५ मध्ये आजारी औद्योगिक कंपन्यांचा कायदा झाला आणि १९८७ पासून बीआयएफआर हे आजारी कंपन्यांच्या पुनर्वसनाचं मंडळ कामाला लागलं. साचलेला तोटा नक्त मूल्याइतका, म्हणजे भांडवल आणि गंगाजळी मिळून होणाऱ्या रकमेइतका, झाला की कंपनी आजारी ठरायची. तिची नोंद झाली की कलम २२ खाली वसुलीचे दावे थांबायचे, आणि या कलमाचा आडोसा घेऊन कंपन्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहिल्या. बँकेत आम्ही म्हणायचो, फाइल बीआयएफआरला गेली म्हणजे काशीला गेली. पण याच कायद्याने एक दार किलकिलं केलं. पुनर्वसनाची योजना आखायला मंडळ आयडीबीआय, आयसीआयसीआय, आयएफसीआय अशा संस्थांना ‘ऑपरेटिंग एजन्सी’ नेमायचं. कंपनी जगते की नाही याचं टिपण पहिल्यांदाच न्यायालयीन नव्हे तर कर्ज देणाऱ्या टेबलावर तयार होऊ लागलं.

दुसरं दार १९९३ चं. कर्जवसुली न्यायाधिकरणांच्या कायद्यात बँकेला वकिलाऐवजी स्वतःचा अधिकारी ‘प्रेझेंटिंग ऑफिसर’ म्हणून उभा करता येतो. तिसरं दार २००२ चं, सरफेसी कायद्याचं. साठ दिवसांची नोटीस द्यायची, पैसे आले नाहीत तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचं, आणि हे करणारा ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणजे बँकेचाच चीफ मॅनेजर किंवा त्याच्या वरचा माणूस. मराठी वर्तमानपत्रांत बारीक टायपात ‘ताबा सूचना’ छापून येऊ लागल्या त्या तेव्हापासून. जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेत कायद्याचा पेपर घोकून पास झालेल्या अधिकाऱ्याच्या हातात आता कुलूप आणि सील आलं.

तरी कंपनीचा कारभार मालकाच्याच हातात राहायचा. ते बदललं २०१६ मध्ये. नादारीच्या नव्या कायद्यासाठी नेमलेल्या टी. के. विश्वनाथन यांच्या समितीने नोव्हेंबर २०१५ मध्ये अहवाल दिला, मे २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि कंपन्यांविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१६ ला लागू झाल्या. जुना आजारी कंपन्यांचा कायदाही त्याच दिवशी रद्द झाला. नक्त मूल्य संपलं का, हा प्रश्नच गेला. देणं थकलं का, एवढंच विचारायचं. सुरुवातीला थकबाकीची किमान मर्यादा एक लाख होती, मार्च २०२० मध्ये ती एक कोटी झाली.

आणि इथे पुण्याची एक कंपनी येते. इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजविरुद्ध आयसीआयसीआय बँकेने डिसेंबर २०१६ मध्येच अर्ज टाकला. कंपनीचं म्हणणं, राज्य सरकारने आम्हाला १९५८ च्या कायद्याखाली संरक्षण दिलंय, आमची देणी स्थगित आहेत, मग थकबाकी कसली? मुंबई खंडपीठाने १७ जानेवारी २०१७ ला बँकेचा अर्ज दाखल करून घेतला. ३१ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संहितेपुढे राज्याचा कायदा टिकत नाही. शिवाय व्यवस्थापन एकदा संहितेखाली नेमलेल्या व्यावसायिकाकडे गेल्यावर जुन्या संचालकांना कंपनीच्या नावाने अपील चालवता येणार नाही, हेही. पुढे ती कंपनी अवसायनात निघाली. नादारी ‘मिळण्याचा’ काळ त्या दिवशी मागे पडला, असं मी धरतो.

‘व्यावसायिक’ हा या संहितेचा कणा आहे. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळ निलंबित आणि कारभार हंगामी निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे थकलेल्या कंपनीचा तोडगा निघेपर्यंत ती चालवणाऱ्या माणसाकडे. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांना दहा वर्षांचा, तर इतर पदवीधरांना व्यवस्थापनाचा पंधरा वर्षांचा अनुभव आणि एक परीक्षा, एवढ्यावर नोंदणी मिळत होती. निवृत्त बँक अधिकाऱ्यांसाठीच जणू हा दरवाजा बेतला होता. कंपनी कायद्याच्या कलम ४३२ मुळे सीए किंवा कंपनी सेक्रेटरीही न्यायाधिकरणापुढे पक्षकारातर्फे उभे राहू शकतात, आणि वर बसणाऱ्या दोघांपैकी एक तांत्रिक सदस्य असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं संचालक मंडळ बरखास्त केलं तेव्हा प्रशासक नेमले ते आर. सुब्रमण्यकुमार, म्हणजे इंडियन ओव्हरसीज बँकेचे माजी प्रमुख.

मग एलएलबी कशाला? कारण एनसीएलटीच्या बाहेर, हायकोर्टात आणि सर्वोच्च न्यायालयात, सनदेशिवाय तोंड उघडता येत नाही. त्यासाठी पदवीनंतरची तीन वर्षं, बार कौन्सिलची परीक्षा आणि पगारी नोकरीवर पाणी. सीए असाल तर प्रॅक्टिसचं प्रमाणपत्रही परत करावं लागतं, दोन्ही डगरींवर हात चालत नाही. चाळिशीत कनिष्ठ म्हणून पंचविशीतल्या वरिष्ठाची बॅग उचलणं अपमानाचं वाटत नाही म्हणणारा खोटं बोलतो.

फायदा काय, तर नजर. नोकरीत असताना गोदामाची तपासणी करायला पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबतच्या जुन्या साहेबांनी स्टॉक स्टेटमेंटकडे पाहिलंसुद्धा नाही. रांगेने ठेवलेल्या तेलाच्या पिंपांवर बोटाच्या पेराने टकटक करत ते चालत गेले. पुढच्या दोन रांगा बद्द वाजल्या, मागच्या सगळ्या खणखणीत. आज दाव्यांचे फॉर्म तपासताना तेच करतो. नादारीआधी संबंधित पक्षाला दोन वर्षांच्या आत आणि इतरांना एका वर्षाच्या आत दिलेलं झुकतं माप संहितेच्या कलम ४३ खाली उलटवता येतं. पण ते आधी दिसावं लागतं: मार्चअखेर आलेली आणि एप्रिलमध्ये परत गेलेली रक्कम, जुन्या कर्जाचं व्याज भरायला दिलेलं नवं कर्ज. ते दिसायला कधीतरी आपणही अशा फाइलवर सही केलेली असावी लागते.

पण ही नजर एका बाजूने आंधळी आहे. हे आमच्यातले फार थोडे कबूल करतात. संहितेप्रमाणे कंपनीचं पुढे काय करायचं यावर मतदान करतात ते वित्तीय धनको, म्हणजे मुख्यतः बँका, आणि त्यांच्या व्यापारी शहाणपणात कोर्ट ढवळाढवळ करत नाही, हे २०१९ च्या एस्सार स्टीलच्या निकालात पक्कं झालं. माल पुरवणारे, वाहतूकदार आणि साच्यांचं काम करणारे जॉबवर्कवाले मात्र ‘ऑपरेशनल’ धनको. त्यांना मत नाही, आणि अवसायनात त्यांची पाळी फार खाली. बँकेत असताना ताळेबंदात ‘संड्री क्रेडिटर्स’ ही ओळ मी एका नजरेत ओलांडायचो. आता त्या ओळीतली माणसं फॉर्म बी, म्हणजे आपल्या दाव्याचा अर्ज, घेऊन येतात. वर्तमानपत्रातली जाहीर घोषणा प्रादेशिक भाषेतही द्यावी लागते, म्हणून मराठीत असते, पण आठ पॉइंटात आणि टेंडरांच्या गर्दीत. दावा करायला चौदा दिवस. भोसरीतला एक टर्नर तो कागद घडी घालून आणतो आणि विचारतो, साहेब, आमचं बिल धरलंय ना यात? मी बिल पाहतो, चलन पाहतो, आणि किती मिळेल हे सांगायचं टाळतो.

एकट्यादुकट्या माणसाचं घोडं तर अजून तिथेच अडलंय. संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्या माणसाचं दिवाळं निघालं तर मुंबईत आजही १९०९ चाच कायदा उघडावा लागतो.