काशाच्या वाटीतून ‘उष्णता’ निघते का?

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि तळपायांची आग झाली की घरोघरी निदान ठरलेलं: ‘अंगात उष्णता वाढली.’ मग तूप लावून काशाची वाटी घासायची. तळवा काळा पडला की आजी समाधानाने म्हणते, ‘बघ, निघाली!’

काळं होतं ते वाटीमुळे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. त्यातल्या तांब्याची तुपातल्या आम्लांशी, घामाशी प्रक्रिया होते. डिसेंबरच्या थंडीत, कसलीच तक्रार नसलेल्याच्या पायावर घासा, तरी काळं होईल.

रात्री वाढणारी आग, मुंग्या, पायात कापूस असल्यासारखं वाटणं हे बहुतेकदा मज्जातंतूंचं दुखणं असतं. मधुमेह हे मोठं कारण. बी-१२ची कमतरता दुसरं, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ती होऊ शकते. त्यामुळे आधी रक्त तपासा. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही. डॉक्टर प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत सुरू करतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि चौथ्या दिवशी औषध सोडणारेच जास्त भेटतात!

मालीश सोडायची गरज नाही. बरं वाटतं, झोप लागते. भिवापुरी मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिनचं मलमही काहींना मानवतं (घरची मिरची चोळू नका, कृपा करून). मात्र पाय बधिर असेल तर वाटी जोरात घासू नका, गरम पाण्याचा शेकही नको: जखम झालेली कळतच नाही.